परभणी क्रांती भेंडी अजून कोणी लावतं का?

माणदेशी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा आज पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

विषय भेंडीचा. फलटण तालुक्यात आमची थोडी जमीन आहे, धाकटा भाऊ बघतो, मी नोकरीपायी पुण्यात आणि सुट्टीला तिकडं. घरी खायला म्हणून दोन ओळी भेंडी कायम असते आणि आजवर अण्णा परभणी क्रांतीचंच बी धरत आले. बी धरायचं म्हणजे काय, तर शेवटच्या तोड्यानंतर जी चार झाडं बरी दिसतील ती तशीच सोडायची, शेंगा वाळून तडकायला लागल्या की काढायच्या, राख लावून डब्यात. अण्णा सांगतात की ही जात नवी आली तेव्हा आसपासची भेंडी पिवळीजर्द पडायची आणि ही हिरवीगार उभी असायची, लोक बांधावर येऊन बघून जायचे. आता तसं काही राहिलेलं नाही. यंदा उन्हाळी भेंडीत निम्म्याहून जास्त झाडांवर केवडा रोग, आधी पानांच्या शिरा पिवळ्या मग सगळं पानच पिवळं, भेंड्या पांढुरक्या आणि राठ. शेजारीच भावाने पाकिटातलं हायब्रीड लावलंय, त्याच्यावर तुरळक.

तर विचारायचं असं की परभणी क्रांती अजून कोणी लावतं का, तुमच्याकडे टिकते का. आणि दुसरं म्हणजे बायकोच्या माहेरी जावळीकडं पावसाळ्यात रानभेंडी उगवते, काटेरी लव असलेली, फूल अगदी भेंडीसारखं, तिच्यावर केवडा कधी बघितला नाही. तिचा आणि आमच्या भेंडीचा घरच्या घरी क्रॉस केला तर? हसू नका.

सुगरण_नाहीच

हसत नाहीये, खुर्ची ओढून बसलेय. मंडईत कधीकधी पांढुरकी पिवळट भेंडी येते ती ह्या रोगाची असते का? मी आजवर जून समजून परत टोपलीत टाकत होते. खाल्ली तर काही होतं का?

गावरान

हायब्रीड आलं तिथूनच वाटोळं सुरू झालं. आमच्या आजीच्या वेळी कुठे होता केवडा? तुमचं बी आता खराब झालंय, रोगट झाडाचं बी धरलं की रोग बियातून पुढच्या वर्षी येणारच, सगळं फेकून द्या आणि खरं देशी बी मिळवा. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरेंनी केवढं बियाणं जपलंय बघा, पद्मश्री उगाच नाही मिळाली.

कळी_ते_फळ

भाजीपाला पैदास हेच माझं पोटापाण्याचं काम होतं, आता निवृत्त आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

सुगरणताई, हो, तीच. खाल्ल्याने काही होत नाही, वनस्पतीचा विषाणू माणसाला काही करत नाही. फक्त धागे जास्त आणि चव कमी.

गावरान, राहीबाईंच्या कामाबद्दल आदर आहेच, पण दोन गोष्टी दुरुस्त करतो. केवडा बियातून येत नाही. तो पांढरी माशी पसरवते, रोगट झाडाचा रस शोषला आणि निरोगी झाडावर जाऊन बसली की झालं. म्हणजे रोगट झाडाच्या बियात रोग नसतो, पण त्या झाडाचा दुबळेपणा असतो, आणि तो मात्र पुढच्या पिढीत उतरतो. हा फरक लक्षात घ्या कारण पुढे बी कसं निवडायचं ते सगळं यावर आहे.

आणि आजीच्या वेळी केवडा होता. या रोगाची पहिली नोंद १९२४ ची आहे, तीही आपल्याच मुंबई इलाख्यातली. १९४० साली पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी तो विषाणूचा आहे हे दाखवलं. हायब्रीड भेंडी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. पन्नासच्या दशकात दिल्लीच्या पुसा संस्थेत हरभजन सिंग यांच्या टीमने पुसा मखमली आणि बंगालकडचा एक वाण यांच्या संकरातून पुसा सावनी काढली, ती साठच्या आसपास आली आणि देशभर गेली, कारण तिच्यावर केवडा दिसायचा नाही. काही वर्षांनी तिच्यावरही दिसायला लागला. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी याच पुसा सावनीचा संकर ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट नावाच्या भेंडीच्या जंगली नातलगाशी केला आणि त्यातून निघाली तुमची परभणी क्रांती. १९८६ साली अमेरिकेतल्या हॉर्टसायन्स या शोधपत्रिकेत तिची माहिती छापून आली होती. म्हणजे माणदेशी, तुम्ही जो क्रॉस करायचा म्हणताय तो तुमच्या अण्णांच्या डब्यात आधीच आहे :)

माणदेशी

हे अजिबात माहीत नव्हतं. डब्यातच रानभेंडी निघाली की. मग ती टिकली का नाही? आणि हायब्रीड टिकतंय ते कशामुळे?

कळी_ते_फळ

जांभळे-नेरकर यांच्याच अभ्यासात आढळलं होतं की मॅनिहॉटकडून आलेली ही प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकाची आहे. पैदासकाराला हे सोयीचं, कारण एकच जनुक ओढून आणायचा, पोरं लगेच ओळखू येतात, जे पिवळं पडलं ते बाद. पण विषाणूलाही तेवढंच सोयीचं. एक कुलूप असलं की एकच किल्ली लागते. या गटातले विषाणू आपसात तुकडे अदलाबदल करण्यात पटाईत आहेत, शिवाय भेंडीच्या विषाणूबरोबर एक छोटा उपविषाणू असतो ज्याच्यामुळे खरी लक्षणं येतात. लाखो एकरांवर एकच जात, वर्षाचे बारा महिने कुठे ना कुठे भेंडी उभी, पांढरी माशी औषधांना सरावलेली. किल्ली सापडणारच होती.

बंगळूरच्या आयआयएचआर या फळं-भाज्यांच्या संशोधन संस्थेने अर्का अनामिका ही जात काढली ती टेट्राफिलस या दुसऱ्या जंगली भेंडीपासून, तिचीही पुढे तीच गत. आताच्या हायब्रीडमध्ये काय घातलंय ते कंपन्या सांगत नाहीत, पण तीही कायमची नाहीत, दर काही वर्षांनी पाकिटावरचं नाव बदलतं ते उगाच नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे, अण्णांना राग यायचा नाही तर बोलतो. भेंडी बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते पण पूर्ण नाही, फूल मोठं आणि उघडं असतं, मधमाश्या येतात. शेजारी दुसरी भेंडी असेल तर दरवर्षी थोडं थोडं मिसळत जातं. प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींत २०० मीटर अंतर ठेवायला सांगतात आणि पायाभूत बियाण्याला, म्हणजे ज्याच्यापासून पुढे प्रमाणित बी करतात त्याला, ४००. तुमच्या भावाचं हायब्रीड किती लांब आहे?

माणदेशी

मधे एक पाट आहे फक्त 😐

म्हापसा_बाजार

मिसळण्यावरून माझा प्रश्न. आमच्याकडे गोव्यात पावसाळ्यात सात शिरांची भेंडी येते, ही लांबच्या लांब, फिकट हिरवी आणि एवढी वाढली तरी कोवळी. बाजारात तिला नेहमीच्या भेंडीच्या दुप्पट तिप्पट भाव. मावशीच्या परसात होती पण आता त्यात पाच शिरांच्या निघायला लागल्यात, आखूड आणि गडद. हे पण तसंच का?

कळी_ते_फळ

बहुतेक तसंच. नेहमीच्या भेंडीला पाच शिरा असतात, सात-आठ शिरांचे वाण वेगळे. मावशीला सांगा ज्या झाडाची पहिलीच भेंडी पाच शिरांची निघाली ते झाड फूल पुन्हा उमलायच्या आत उपटायचं, बी धरताना नाही तर आधीच, कारण तोवर त्याचा पराग सगळीकडे गेलेला असतो. आणि जी झाडं बियाला ठेवायची त्यांच्या कळ्या उमलायच्या आदल्या संध्याकाळी टोकाशी दोऱ्याने हलक्या बांधून टाकायच्या, पाकळ्या उघडत नाहीत, मधमाशी शिरत नाही, आत स्वतःचं परागण होऊन जातं. खर्च शून्य.

ह्यूस्टनची_मावशी

अरे वा भेंडीचा धागा! इथे उन्हाळा आपल्यासारखाच, भेंडी झकास होते. इथली क्लेम्सन स्पाइनलेस म्हणून आहे, १९३९ ची पारितोषिकप्राप्त जात, अजून पाकिटं मिळतात म्हणजे बघा. पण बोटाएवढी होता होता राठ होते, भरली भेंडी करायची तर रोज सकाळी कात्री घेऊन उभं राहावं लागतं. मला कोणी परभणी क्रांतीचं बी दिलं तर पुढच्या भारतवारीत घेऊन येईन म्हणते.

कळी_ते_फळ

मावशी, बी बॅगेत घालून नेऊ नका, कागदपत्रांशिवाय विमानतळावर काढून घेतील आणि ते बरोबरच आहे. तिकडे भारतीय भाज्यांचं बी विकणारे आहेत त्यांच्याकडे बघा.

देऊळगावचा

मी देऊळगाव राजाचा. आमच्या इकडं नं जालन्यापर्यंत गावोगाव सीड प्लॉट आहेत, म्हणजे कंपन्यांसाठी हायब्रीड बी तयार करायचे, शेडनेटमधे टमाटं, मिरची, ढोबळी, वांगं आणि उघड्यावर भेंडी, दोडकं, कारलं. भेंडीचं क्रॉसिंग आमच्या घरी होते त्यामुळं माणदेशी भाऊ तुम्हाला पद्धत सांगतो, अवघड काही नाही पण चिकाटी पाहिजे.

दोन जाती वेगवेगळ्या ओळीत असतात, जिच्यावर बी धरायचं ती मादी आणि जिचा पराग घ्यायचा ती नर. दुपारी तीन-चारनंतर मादी ओळीत जायचं आणि उद्या उमलणारी कळी ओळखायची. फुगलेली असते, टोकाला पिवळसर पाकळी जरा डोकावते. लहान कळी घेतली तर मादी तयार नसते, फुललेली घेतली तर कामातून गेली. मग नखाने बुडाशी गोल चीर द्यायची आणि हिरवं टोपण पाकळ्यांसकट अलगद ओढून काढायचं, आत मधोमध दांडी असते तिला सगळीकडून पिवळे पुंकेसर चिकटलेले, ते खरवडून काढायचे पण वरचं गडद रंगाचं टोक आहे ना त्याला धक्का लावायचा नाही, ते मोडलं की भेंडी धरत नाही. वरून कागदाची टोपी आणि देठाला रंगीत दोरा. नर ओळीतल्या कळ्या पण त्याच संध्याकाळी बांधून ठेवायच्या. सकाळी आठ ते दहा, लई तर साडेदहा, नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागं करायच्या नं मादीच्या टोकावर फिरवायचं. एका नरात चार-पाच माद्या होतात. टोपी परत घालायची. दुपारनंतर फूल मिटते मग काही उपयोग नाही.

हे काम सगळं बायाच करतात, त्यांचा हात हलका आणि नजर पक्की, आमच्या आईला एका नजरेत उद्याची कळी कळते. गडी माणूस दांडी मोडून ठेवते. ज्या कळ्या कोणाच्या नजरेतून सुटून आपोआप फळल्या त्या भेंड्या रोज हुडकून तोडायच्या, एक राहिली तरी बी भेसळ. नंतर कंपनी नमुना लावून बघते, जीओटी म्हणतात त्याला, त्यात शुद्धता बसली तर पैसे नाहीतर वर्ष गेलं. मजूर मिळेनात आता, शेजारच्या गावाहून गाडी करून बाया आणाव्या लागतात. एक भेंडी क्रॉस केली तर पन्नास-साठ बिया, म्हणून पाकिट महाग राहते. हायब्रीडला शिव्या देणाऱ्यांनी एकदा येऊन कळ्या सोलून बघाव्या.

सुगरण_नाहीच

देऊळगावचा, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. भाजीवाल्याशी दहा रुपयांवरून घासाघीस करताना आता तुमच्या आई आठवणार.

माणदेशी

दंडवत! म्हणजे पद्धत कळली. आता मी रानभेंडीचं फूल आणून आमच्या मादीला लावलं तर?

कळी_ते_फळ

लावा, गंमत म्हणून जरूर लावा, पण काय होईल ते आधी सांगतो.

पहिलं, तुमची रानभेंडी नक्की कोणती? आपल्याकडे सह्याद्रीत टेट्राफिलस आहे, देशावर फिकुल्नियस, ट्युबरक्युलॅटस सापडतात, शिवाय कस्तुरी भेंडी वेगळी. वनभेंडी म्हणतात ती गुलाबी फुलाची तर भेंडीच्या कुळातली असून भेंडी नव्हेच. सगळ्याच रानभेंड्या केवड्याला पुरून उरतात असंही नाही. घाटात दिसली नाही कारण तिथे माशीच कमी, हेही असू शकतं.

दुसरं, गुणसूत्रांचा हिशेब. आपल्या भेंडीत साधारण १३० गुणसूत्रं असतात, टेट्राफिलसमध्ये १३८ च्या आसपास, ट्युबरक्युलॅटसमध्ये ५८. जोड्या नीट जुळत नाहीत. क्रॉसची भेंडी धरेलही, बी उगवेलही, झाड धष्टपुष्ट होईल आणि त्याला भेंड्या लागतील पण आत बी नसेल किंवा एखाद-दुसरं, तेही पोचट. इथेच बहुतेक हौशी लोक थांबतात. प्रयोगशाळेत अशा झाडाची गुणसूत्रं कोल्चिसिनने दुप्पट करतात मग ते बी धरायला लागतं. कोल्चिसिन म्हणजे आपल्या कळलावीत असतं तेच, अत्यंत विषारी, यूट्यूब बघून घरी प्रयोग करू नका, कृपा करून.

तिसरं, समजा बी मिळालं. ते झाड अर्धं जंगली. भेंडी आखूड, काटेरी, बुळबुळीत. मग त्याचा पुन्हा चांगल्या भेंडीशी क्रॉस, जंगली हिस्सा पाव. पुन्हा क्रॉस, आठवा हिस्सा. आणि दर पिढीत केवड्याच्या ऐन हंगामात शेकडो झाडं लावून त्यातली हिरवी राहिलेली तेवढीच पुढे. परभणीत हे वर्षानुवर्षं चाललं तेव्हा कुठे क्रांती आली. दोन ओळींत हे होत नाही, झाडांची संख्याच पुरत नाही.

तळकोकण

आमच्याकडे मिरीचं गणित एकदम उलट आहे म्हणून मधेच घुसतो. सिंधुदुर्गात आमची सुपारीची बाग, तिच्यावर वेल सोडलेत, त्यात पन्नियूर १ जास्त. केरळात कन्नूर जिल्ह्यात पन्नियूर म्हणून गाव आहे तिथल्या संशोधन केंद्रात झालेलं हे जगातलं पहिलं मिरीचं हायब्रीड, १९७१ साली बाहेर आलं. उथिरनकोट्टा ही आई आणि चेरियाकनियाकडन हा बाप, दोन्ही तिथलेच गावठी वेल. घोस लांबलचक, दाणा टपोरा. फक्त सावली सोसत नाही, दाट बागेत टाकलं की पानंच पानं.

पण बघा, ते हायब्रीड एकदाच करावं लागलं. नंतर सगळा कारभार छाट्यांचा. माझ्या बागेतला वेल आणि पन्नियूरचा मूळ वेल एकच, पन्नास वर्षांत काही फरक नाही. दरवर्षी पाकिट घ्या, कळ्या सोला, काही नाही.

सुगरण_नाहीच

मग सगळ्याच भाज्यांचं असं का करत नाहीत?

तळकोकण

त्याची किंमत पण मोजावी लागते ना. सगळे वेल सारखे म्हणजे आजार आला की सगळे सारखेच जातात. ऐन पावसाळ्यात जलद मर येते, फायटोफ्थोरा, चार दिवसांमागं हिरवागार असलेला वेल पानं टाकून मोकळा. आमची खालची बाग अशीच गेली, पाणी साठायचं तिथं. कोझिकोडच्या मसाला संशोधन संस्थेने आयआयएसआर शक्ती काढली ती या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही, ती पेरांबरामुंडी नावाच्या गावठी वेलाच्या बियांतून निवडलेली. म्हंजे शेवटी कुणीतरी बी पेरून शेकडो रोपांतनं एक हुडकलाच. दुसरा उपाय म्हणजे दक्षिण अमेरिकेतली कोलुब्रिनम मिरी, तिच्या मुळांना ही मर लागत नाही, तिच्यावर आपलं कलम बांधायचं. दलदलीतली बाई ती, पाणी भरपूर लागतं, आणि काही वर्षांनी सांधा रुसतो असाही अनुभव आहे लोकांचा. मी थोडी लावलीत, बघू.

कुंडीत हवी असेल तर फळणाऱ्या आडव्या फांदीची छाट लावा, वेल न होता झुडूप होतं, बाल्कनीत मिरी.

वसमतकर

हळदीचं सांगू का, तिथं तर क्रॉसिंगच नाही. आमच्या भागात सगळी सेलम जात. आमच्या कृषी सहायक मॅडम म्हणाल्या हळदीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ६३, तिनाला दोनाने भाग जात नाही म्हणून बी धरत नाही. फुलं येतात बरं का देखणी, पण नावालाच. तरी क्वचित कुठं बी धरतं म्हणे आणि कोझिकोडवाल्यांनी अशाच बियांपासनं प्रभा आणि प्रतिभा या जाती काढल्या, प्रभात कुर्कुमिन, म्हणजे हळदीचा पिवळा घटक, साडेसहा टक्के. कारखानदार कुर्कुमिन विचारतो आणि बाजार समितीत मात्र बोटाची लांबी न रंग बघून भाव करतात, मग आम्ही लावायचं काय?

कळी_ते_फळ

मॅडम बरोबर सांगतायत. आणि तुमचा शेवटचा प्रश्न आमच्या धंद्याचं खरं दुखणं आहे. जातीची पैदास कोणासाठी करायची? केवडा प्रतिकारक भेंडी काढली पण ती फिकट निघाली तर मुंबईचा व्यापारी घेत नाही, त्याला गडद हिरवी, पाच इंची, सरळ, क्रेटमध्ये दोन दिवस काळी न पडणारी हवी. चव कोणीच मोजत नाही. कितीतरी चांगल्या ओळी केवळ रंगावरून शेताच्या कडेला टाकून दिलेल्या मी बघितल्यात.

गावरान

हेच तर म्हणतोय मी. बाजारासाठी जाती आणि कंपन्यांचा फायदा. बीटी वांग्याचं, त्या जनुक बदललेल्या वांग्याचं, पण असंच होणार होतं, जनतेने रोखलं म्हणून वाचलो.

जीन_थेरपी

जनतेने नाही, २०१० च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. आणि बांगलादेशाने २०१३ ला परवानगी दिली, तिकडचे शेतकरी लावतायत आणि आपण शेंडे अळीसाठी आठवड्याला फवारे मारलेलं वांगं खातोय. त्याला सेंद्रिय म्हणायचं का?

गावरान

तुम्ही कोणत्या कंपनीत आहात तेवढं सांगा आधी.

संपादक

बीटीवर आधीचे तीन धागे आहेत, तिकडे भांडा. इथे विषय भेंडी. वैयक्तिक शेरे उडवले आहेत.

कळी_ते_फळ

गावरान, एक मात्र तुमच्या बाजूने. परभणी क्रांती विद्यापीठात तयार झालेली आहे, देशी नाही, पण ती सरळ वाण आहे म्हणून तिचं बी धरता येतं, पुढच्या वर्षी तशीच येते. हायब्रीडचं धरलं तर पुढच्या पिढीत एक झाड उंच, एक बुटकं, एकावर केवडा एकावर नाही. आणि बी धरायचा, वापरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, विकायचासुद्धा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने दिलेला आहे, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. हे फार लोकांना माहीत नसतं.

माणदेशी

मग माझ्यासारख्याने नक्की काय करावं? रानभेंडीचा नाद सोडला समजा.

कळी_ते_फळ

निवड. अण्णा करतायत तेच, पण उलट्या टोकाकडून.

आता तुम्ही शेवटी जी झाडं उरतात त्यांचं बी घेता. त्याऐवजी सुरुवातीपासून झाडावर नजर ठेवा. केवड्यात लागण कधी झाली याला फार महत्त्व आहे, उगवल्यापासून २० दिवसांच्या आत झाली तर ९० टक्क्यांच्या वर उत्पन्न जातं, ५० दिवसांनी झाली तर निम्म्याच्या आसपास. म्हणून आठवड्याला एक फेरी, ज्या झाडावर पहिली पिवळी शीर दिसली त्याला तारखेची चिठ्ठी. शेवटपर्यंत हिरवी राहिलेली आणि फार उशिरा पिवळी झालेली झाडं तुमच्या कामाची. त्यांच्या पहिल्या दोन-तीन भेंड्या खाऊ नका, त्या बियाला ठेवा, घरच्यांशी भांडण होईल पण बी तिथलंच भरदार असतं. कळ्या बांधायला विसरू नका, भावाचं हायब्रीड शेजारी आहे.

आता महत्त्वाचं. हिरवं राहिलेलं झाड खरंच दणकट आहे का नुसतं माशीच्या तावडीतून सुटलं हे त्या वर्षी कळत नाही. म्हणून सगळं बी एकत्र करायचं नाही. एका झाडाचं बी एका पुडीत, पुढच्या वर्षी एका पुडीची एक ओळ. जी ओळ अख्खी पिवळी झाली त्याचं झाड नुसतं नशीबवान होतं. जी ओळ बहुतेक हिरवी राहिली तिच्यातून पुन्हा झाडं निवडायची. असं चार-पाच हंगाम. नवा जनुक काही तयार होणार नाही, पण मिसळलेलं बी साफ होईल आणि भावाच्या हायब्रीडमधून एखादी चांगली गोष्ट मधमाश्यांनी आधीच आणून ठेवली असेल तर तीही हाताला लागेल.

आणि या ओळींवर पांढऱ्या माशीसाठी काहीही फवारायचं नाही, निंबोळी अर्कसुद्धा नाही. फवारलं की दुबळी झाडंही हिरवी राहतात आणि तुमची फसगत.

देऊळगावचा

एक ओळ एक पुडी हे एकदम बरोबर, कंपनीवाले पण असंच करतात, लाकडी खुंट्या नं नंबर. पुड्यांवर पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई ओल्यानं जाते.

म्हापसा_बाजार

मावशीला फोन केला. म्हणते कळ्या बांधायला वेळ कुणाला आहे, तू ये बांधायला. गणपतीला जातोय तेव्हा बघू, तोवर पाच शिरांची उपटायला सांगितलीत.

ह्यूस्टनची_मावशी

मला इथे ऑनलाइन लाल भेंडीचं बी सापडलं! आपल्याकडे पण आहे का अशी?

कळी_ते_फळ

आहे की, वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेची काशी लालिमा. शिजवली की लाली बरीचशी जाते एवढं लक्षात ठेवा, फोटो आधी काढा.

माणदेशी

भावाला धागा वाचून दाखवला. निवड वगैरे त्याला पटलंय पण बिनफवारणीचं ऐकून उखडलाच. म्हणतो तू तिकडं माशी पाळणार आणि ती पाट ओलांडून माझ्या प्लॉटात येणार, भेंडीवर माझा महिन्याचा खर्च निघतो. आता यावर काय बोलू?

कळी_ते_फळ

भाऊ बरोबर बोलतोय. तुमची निवडीची ओळ म्हणजे त्याच्या दृष्टीने रोगाचं कोठारच. जमिनीच्या दुसऱ्या टोकाला जागा असेल तर तिकडे जा, मधमाश्यांचा प्रश्नही कमी होईल. चारी बाजूंनी मक्याच्या दाट दोन-तीन ओळी आधी टाका, भेंडी उगवेपर्यंत मका गुडघाभर हवा. आणि ज्या झाडावर केवडा दिसला त्याची तारीख वहीत लिहिली की ते झाड ठेवायचं कारण उरत नाही, त्याच दिवशी उपटा. उशिरा लागण झालेली जी बियाला ठेवायची तेवढीच अपवाद, तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. खरीपाला जून-जुलैत लावा, निवडीला पुरेसा केवडा तेव्हाही असतो. उन्हाळ्यात दोघांचेही हाल.

माणदेशी

विहिरीपलीकडं थोडी पड जमीन आहे, पाइप टाकावा लागेल. भाऊ म्हणतो पाइप तुझा, पाणी माझं. ठरलं मग.

सुगरण_नाहीच

उपटलेली झाडं कुठे टाकणार? खतात घातली तर चालतात का, का त्यातून परत पसरतो?

कळी_ते_फळ

चालतात. विषाणू जिवंत झाडात आणि माशीत असतो, वाळलेल्या झाडातून पसरत नाही. फक्त उपटून बांधावर ओली ढीग करून ठेवू नका, पानं सुकेपर्यंत माश्या उठून शेजारी जातात. लगेच खड्ड्यात आणि वर माती. सकाळी लवकर उपटा, तेव्हा माशी सुस्त असते.

माणदेशी

बरं. मका कोणता टाकू, चाऱ्याचा चालेल? म्हैस पण आहे घरी.

देऊळगावचा

चाऱ्याचाच टाका, दाट होते. पण भेंडीचं बी धरून होईस्तोवर म्हशीला देऊ नका.